क्रेडिट कार्ड : मुदत बँकेची, जबाबदारी आपली



आज भिवंडीत, मालेगावात किंवा इचलकरंजीत एखाद्या कापड व्यापाऱ्याच्या गादीवर तासभर बसले, तर दोन तरी फोन क्रेडिट कार्डासाठी येतात. "साहेब, आपल्याला तीन लाखांचे लिमिट मंजूर झाले आहे, आजीवन मोफत आहे," असे पलीकडून गोड आवाजात सांगितले जाते. आपल्यापैकी पुष्कळ जण हो म्हणतात. कार्ड टपालाने घरी येते, तिजोरीत पडून राहते आणि एखाद्या अडचणीच्या दिवशी बाहेर निघते. ज्या दिवशी ते अडचणीत बाहेर निघते, त्या दिवसापासून नुकसान सुरू होते. कारण आपण ते वस्तू म्हणून ओळखतो, परंतु त्याचा हिशेब आपल्याला कोणी शिकवलेला नसतो.

मी कापडाच्या लाईनमध्ये तीस वर्षांहून अधिक काळ आहे. शिक्षण उर्दू शाळेत झाले. गणिताच्या तासाला आमच्याकडून मुफ्रद सूद आणि मुरक्कब सूद यांची उदाहरणे सोडवून घेतली जात. तेव्हा वाटे, हे आपल्या काय कामाचे? आपण तर सूद घेणार नाही. पुढे समजले की, जो सूद घेत नाही त्यालाही तो मोजता आला पाहिजे, नाही तर तो नकळत देऊन बसतो. या लेखात कार्ड घ्यावे की नाही, घेतले तर कसे वापरावे आणि त्यात कोठे फसगत होते, हे व्यापाऱ्याच्या भाषेत सांगण्याचा प्रयत्न केला आहे.

कार्ड म्हणजे नेमके काय?

क्रेडिट कार्ड म्हणजे बँकेने आपल्याला दिलेली उधारीची मर्यादा होय. डेबिट कार्डाने आपल्याच खात्यातील पैसे जातात. क्रेडिट कार्डाने बँकेचे पैसे जातात व ते आपल्यावर कर्ज म्हणून चढतात. हा फरक लहान वाटतो, पण सगळा विषय यातच आहे. दोन्ही कार्डे दिसायला सारखी, मशीनमध्ये घालायची रीत सारखी, त्यामुळे मन फसते. तीन लाखांचे लिमिट मिळाले म्हणजे तीन लाख रुपये मिळाले असे नव्हे. तीन लाखांपर्यंत कर्जदार होण्याची परवानगी मिळाली, एवढाच त्याचा अर्थ आहे.

बँकेला यात काय मिळते? पहिली गोष्ट, ज्या दुकानात आपण कार्ड वापरतो त्या दुकानदाराकडून कमिशन कापले जाते. दुसरी, वार्षिक फी. तिसरी, जे लोक वेळेवर पूर्ण बिल भरत नाहीत त्यांच्याकडून व्याज आणि दंड. बाजारात कोणी कोणाला फुकट उधारी देत नाही, हे आपण व्यापारी जाणतो. मग बँक का देईल?

शरीअतचा प्रश्न

हा प्रश्न टाळून पुढे जाणे योग्य नव्हे. कार्डाच्या करारपत्रात असे लिहिलेले असते की, मुदतीत पूर्ण रक्कम भरली नाही तर व्याज द्यावे लागेल. त्यावर आपण सही करतो. इस्लामी देशांच्या संघटनेशी संलग्न असलेल्या आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने सन २००० मध्ये रियाध येथील अधिवेशनात ठराव केला की, ज्या कार्डाच्या करारात व्याजाची अट आहे ते कार्ड घेणे व वापरणे जायज नाही, मग घेणाऱ्याचा इरादा मुदतीत पैसे भरण्याचा असला तरीही. दुसरीकडे काही उलेमांचे मत असे आहे की, खरी गरज असेल आणि पूर्ण रक्कम मुदतीच्या आत भरण्याची पक्की व्यवस्था केलेली असेल, तर वापरास सवड आहे. मी आलिम नाही, कापडवाला आहे. म्हणून माझी विनंती एवढीच की, आपल्या विश्वासातील मुफ्ती साहेबांकडे करारपत्र घेऊन जावे, त्यातील अटी त्यांना वाचून दाखवाव्यात आणि मग निर्णय घ्यावा.

परंतु एका बाबतीत दोन्ही बाजूंत मतभेद नाही. मुदत चुकवून व्याज भरणे, कार्डावरून रोकड काढून त्यावर व्याज देणे, हा सूदच आहे. आपल्या समाजात एक गैरसमज रुजला आहे. "आम्ही सूद घेत नाही" असे अभिमानाने सांगणारे लोक सूद देण्याला मात्र अडचण समजून माफ करून टाकतात. घेणे आणि देणे या एकाच सौद्याच्या दोन बाजू आहेत.

ज्यांना कार्डाशिवाय काम भागवता येते त्यांनी घेऊ नये, हे सर्वांत सरळ. आज डेबिट कार्ड आहे, यूपीआय आहे. रेल्वेचे तिकीट, सुट्या भागांची मागणी, सुरतच्या पार्टीचे पेमेंट, हे सारे आपल्याच खात्यातील पैशाने होऊ शकते. शेजाऱ्याने घेतले म्हणून कार्ड घेणे, हे कारण होऊ शकत नाही.

घेण्यापूर्वी काय पाहावे?

ज्यांनी घेण्याचे ठरवले आहे किंवा ज्यांच्याकडे आधीच आहे, त्यांनी पुढील गोष्टी तपासाव्यात.

१) अर्जाबरोबर बँकेने एका पानाचे मुख्य माहितीपत्रक दिले पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यात व्याजाचा दर, फी आणि दंड लिहिलेला असतो. दर 'महिन्याला साडेतीन टक्के' असा दिसला तर लगेच बाराने गुणावे. वर्षाला ४२ टक्के झाले. एजंट महिन्याचा आकडा सांगतो, कारण तो लहान दिसतो.

२) 'आजीवन मोफत' याचा अर्थ वार्षिक फी नाही, एवढाच. व्याज, उशिराचा दंड, रोकड काढण्याची फी, परदेशी चलनाचे शुल्क हे सर्व लागूच असते. व्याजावर व शुल्कांवर १८ टक्के जीएसटीही लागतो.

३) लिमिट आपण ठरवावे. बँक तीन लाख देत असेल आणि आपली गरज तीस हजारांची असेल, तर तीस हजारच मागावे. आपल्याला विचारल्याशिवाय लिमिट वाढवण्याचा बँकेला अधिकार नाही.

४) न मागता कार्ड पाठवणे रिझर्व्ह बँकेने निषिद्ध केले आहे. असे कार्ड आपल्या संमतीशिवाय चालू करून त्यावर शुल्क लावले, तर ते परत करून त्याच्या दुप्पट रक्कम दंड म्हणून द्यावी लागेल, असे २०२२ च्या नियमांत म्हटले आहे.

५) कागदपत्रे स्वतः द्यावीत. पॅन, आधार, आयकर विवरणपत्र, बँकेचे स्टेटमेंट यांच्या प्रती एजंटच्या हाती देताना प्रत्येक प्रतीवर 'फक्त कार्डाच्या अर्जासाठी' असे लिहून तारीख व सही करावी. उत्पन्न फुगवून दाखवू नये. खोट्या आकड्यावर मिळालेले लिमिट खऱ्या कमाईतूनच फेडावे लागते.

तारखांचा हिशेब

कार्डाला दोन तारखा असतात. एक बिल तयार होण्याची आणि दुसरी पैसे भरण्याची शेवटची. समजा, बिल दर महिन्याच्या ५ तारखेला निघते आणि भरण्याची शेवटची तारीख २५ आहे. आपण ६ जूनला खरेदी केली, तर ती ५ जुलैच्या बिलात येईल आणि २५ जुलैपर्यंत भरता येईल. म्हणजे ४९ दिवस मिळाले. पण तीच खरेदी ४ जुलैला केली, तर दुसऱ्याच दिवशी बिलात आली आणि २५ जुलैलाच भरावी लागली. म्हणजे २१ दिवसच मिळाले. 'पन्नास दिवस बिनव्याजी' ही जाहिरात बिल निघाल्यानंतर लगेच केलेल्या खरेदीपुरतीच खरी असते.

आणखी एक अट लक्षात ठेवावी. ही मोफत मुदत मागचे बिल पूर्ण भरलेले असेल तरच मिळते. मागचे थोडे जरी राहिले, तरी मुदत जाते. राहिलेल्या रकमेवर खरेदीच्या तारखेपासून व्याज धरले जाते आणि नव्या खरेदीवर पहिल्याच दिवसापासून व्याज चालू होते. पुष्कळांना ही गोष्ट ठाऊक नसते. ते थोडे बाकी ठेवतात, वर नवीन खरेदी करतात आणि समजतात की, नव्या खरेदीला अजून महिनाभर वेळ आहे.

किमान रकमेचा सापळा

बिलावर दोन आकडे असतात. एक 'एकूण देय' आणि दुसरा 'किमान देय'. समजा, एकूण ४०,००० रुपये आहे आणि किमान पाच टक्के म्हणजे २,००० रुपये. माणसाला वाटते, दोन हजार भरले, काम झाले. आता हिशेब पाहा. साडेतीन टक्क्याने महिन्याचे व्याज १,४०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी २५२ रुपये. एकूण १,६५२. म्हणजे आपण भरलेल्या दोन हजारांतून मुद्दलात गेले फक्त ३४८ रुपये! चाळीस हजारांचे कर्ज महिनाभरानंतर ३९,६५२ राहिले. एकही नवी खरेदी न करता ही स्थिती. आपल्या पायलीत भोक आहे, हे ज्याला दिसत नाही तो आयुष्यभर धान्य ओतत बसतो.

किमान रक्कम भरल्याने उशिराचा दंड टळतो. व्याज टळत नाही. हे वाक्य कागदावर लिहून कार्डाला चिकटवून ठेवावे.

एवढ्या व्याजाला कायद्याने काही मर्यादा आहे की नाही, असे कोणी विचारील. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने सन २००८ मध्ये वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. तेव्हा ३० टक्क्यांचे छत डोक्यावर आहे असे समजून कोणी बसू नये.

मंडीची मुदत आणि कार्डाची मुदत

आता आपल्या धंद्यातील खरी गोष्ट सांगतो. कार्डाची मुदत जास्तीत जास्त पन्नास दिवस. आपल्या लाईनमध्ये पार्टीचे पेमेंट किती दिवसांत येते? बोली साठ दिवसांची असते, हाती नव्वद दिवसांनी येते आणि मंदी असेल तर चार-चार महिने फक्त वायदे येतात. दोन्ही मुदती शेजारी ठेवून पाहा. ज्याने पन्नास दिवसांच्या उधारीवर नव्वद दिवसांचा धंदा उभा केला, त्याला मधले चाळीस दिवस व्याज भरण्यावाचून मार्ग नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. सन २०११ मध्ये माझ्या एका पार्टीचे पेमेंट अडकले. सायझिंगवाल्याचे देणे होते, कारखान्यातील आठवड्याची मजुरी द्यायची होती. खिशात कार्ड होते. एटीएममधून दोन वेळा मिळून साठ हजार रुपये काढले. मनाशी म्हटले, पंधरा दिवसांचा प्रश्न आहे. पंधरा दिवसांचे चार महिने झाले. दरमहा मी किमान रक्कम भरत गेलो आणि समाधान मानत गेलो. शेवटी पार्टीचे पैसे आले, कार्ड मोकळे केले आणि एका रात्री सर्व बिले पुढे घेऊन बेरीज केली. फी, व्याज आणि कर मिळून दहा हजारांच्या आसपास रक्कम गेली होती. त्या मालात मला सुटले होते सात हजार. म्हणजे चार महिने धंदा केला, माल दिला, वसुलीसाठी चपला झिजवल्या आणि वर तीन हजार पदरचे घातले. पैशाचे दुःख काही दिवसांत गेले. पण ज्या सूदापासून वडिलांनी आयुष्यभर दुकान दूर ठेवले, तो मी स्वतःच्या सहीने दुकानात आणला, हे शल्य अजून आहे.

त्या वेळी मी काय करू शकलो असतो? आज विचार केला तर तीन मार्ग दिसतात. एक, दुसऱ्या एखाद्या पार्टीला दोन टक्के रोख सूट देऊन तिचे पेमेंट लवकर घेता आले असते. साठ हजारांवर दोन टक्के म्हणजे १,२०० रुपये, तेही एकदाच. आजच्या साडेतीन टक्क्यांच्या दराने कार्डाचे व्याज जीएसटीसह महिन्याला २,४७८ रुपये होते, आणि ते दर महिन्याला. दोन, पडून असलेले काही ठाण नफा न धरता विकता आले असते. तीन, भावाकडे किंवा बिनव्याजी पतसंस्थेकडे कर्ज-ए-हसना मागता आले असते. मागायला लाज वाटली. मशीनपुढे उभे राहताना लाज वाटत नाही, म्हणूनच मशीन महाग पडते. सूत देणारा सेठ ओरडतो, पण मंडी मंद आहे हे त्यालाही दिसते आणि तो थांबतो. कार्डाला मंडी दिसत नाही.

यावरून नियम असा : भांडवल म्हणून कार्ड कधीही वापरू नये. सूत, मजुरी, सायझिंग, भाडे यांचा पैसा धंद्यातूनच उभा राहिला पाहिजे.

या चार गोष्टींपासून दूर राहा

१) रोकड काढणे. रोकडीला मोफत मुदत नसते. पैसे हातात पडले त्या दिवसापासून व्याज, आणि वर साधारण अडीच टक्क्यांच्या आसपास फी.

२) दुकानात कार्ड घासून रोकड घेणे. बाजारात काही लोक दोन-तीन टक्के कापून असे पैसे देतात. माल घेतलेला नसतो, पण बिल मालाचे बनते. हा बँकेशी केलेल्या कराराचा भंग आहे आणि खोटे बिल हे खोटेच आहे. आपले दुकान व आपली मशीन कोणालाही या कामासाठी देऊ नये. चौकशी झाली तर पहिले नाव दुकानदाराचे निघते.

३) एका कार्डाचे बिल दुसऱ्या कार्डाने फिरवणे. टोपी एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर ठेवल्याने कर्ज फिटत नाही. प्रत्येक फेऱ्यात फी वाढते. तीन-चार कार्डे फिरवणारा माणूस ज्या महिन्यात आजारी पडतो, त्या महिन्यात सगळी कार्डे एकदम कोसळतात.

४) 'शून्य टक्के' हप्ते. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की, शून्य टक्के व्याज अशी काही चीजच नसते. व्याज कोठे तरी लपवलेले असते. कधी रोख सूट काढून घेतली जाते, कधी प्रक्रिया शुल्क लावले जाते. दुकानदाराला दोन किमती विचाराव्यात : रोखीची कोणती आणि हप्त्याची कोणती? फरक तोंडावर येतो.

वापरण्याची योग्य रीत

ज्यांनी कार्ड ठेवले आहे त्यांनी ते असे वापरावे की व्याजाची वेळच येऊ नये.

प्रथम, एकच कार्ड ठेवावे. घरचा खर्च आणि दुकानाचा खर्च एका कार्डावर मिसळू नये. दुकानासाठी घेतलेल्या वस्तूचे बिल दुकानाच्या नावाने, जीएसटी क्रमांकासह घ्यावे. कार्डाची पावती म्हणजे मालाचे बिल नव्हे.

दुसरे, बचत खात्यातून 'एकूण देय' रक्कम आपोआप कापली जाईल अशी सूचना बँकेला लेखी द्यावी. सूचना देताना 'किमान' या खान्यावर खूण होत नाही ना, हे डोळ्यांनी पाहावे. शेवटच्या तारखेच्या तीन दिवस आधी खात्यात पैसे आहेत की नाही ते तपासावे.

तिसरे, ज्या दिवशी कार्ड वापरले त्याच दिवशी रोजमेळात तेवढी रक्कम 'बँकेचे देणे' म्हणून लिहावी आणि तेवढे पैसे बाजूला काढावेत. सूरह बकरामधील २८२ वी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम देते, व ती कुरआनमधील सर्वांत लांब आयत आहे. आपण दुसऱ्याकडून येणे असलेली उधारी बारकाईने लिहितो. आपण देणे असलेली उधारी लिहिण्यात मात्र आळस करतो. ज्या खरेदीचे पैसे आज खात्यात नाहीत, ती खरेदी कार्डावर करू नये. हा एक नियम पाळला तरी बाकीचे सर्व नियम आपोआप पाळले जातात.

चौथे, बिल दर महिन्याला ओळ न् ओळ वाचावे. न मागितलेला विमा, न घेतलेली सेवा, दोनदा लागलेली रक्कम अशा गोष्टी त्यात सापडतात. लगेच लेखी तक्रार करावी.

पाचवे, मुलाला जोडकार्ड देताना विचार करावा. खर्च तो करील, कर्जदार आपण असू.

सहावे, रूपे क्रेडिट कार्ड २०२२ पासून यूपीआयला जोडता येते. चहाच्या टपरीवरही कोड स्कॅन करून उधारीने पैसे देता येतात. सोय मोठी आहे, धोकाही तेवढाच. दहा-वीस रुपयांची उधारी कोणी लक्षात ठेवत नाही आणि महिन्याच्या शेवटी ती हजारांत येते. रोजच्या किरकोळ खर्चासाठी बचत खातेच जोडलेले असावे.

सातवे, उमरा किंवा हजला जाताना कार्ड बरोबर नेणार असाल, तर परदेशी चलनाचे शुल्क आधी विचारावे. ते साधारणपणे दोन ते साडेतीन टक्के असते. तेथील दुकानदाराने 'रुपयांत कापू की रियालमध्ये?' असे विचारले तर रियाल सांगावे. रुपयांत कापताना दर पुष्कळदा महाग लावलेला असतो.

पत ही अमानत आहे

कार्डाचा प्रत्येक हप्ता, प्रत्येक उशीर पतमाहिती कंपन्यांकडे नोंदला जातो. भारतात अशा चार कंपन्या आहेत व त्यांत सिबिलचे नाव सर्वांना परिचित आहे. गुण ३०० ते ९०० या दरम्यान असतात. शेवटची तारीख उलटून तीन दिवसांपेक्षा जास्त झाले की बँक थकबाकी म्हणून नोंद करू शकते आणि उशिराचा दंडही त्यानंतरच लावू शकते. २०२५ च्या जानेवारीपासून ही माहिती दर पंधरवड्याला पाठवली जाऊ लागली. म्हणजे चूक लवकर दिसते व सुधारणाही लवकर दिसते. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा आपला अहवाल मोफत मागवता येतो. तो मागवावा. कित्येकदा आपले नसलेले कर्ज आपल्या नावावर निघते.

जुन्या काळी बाजारात जबान हीच पत होती. अमुक सेठची चिठ्ठी म्हणजे रोख रक्कम, असे मानले जाई. आता ती चिठ्ठी आकड्यांत लिहिली जाते, एवढाच फरक आहे. वायदा पाळणे ही मोमिनची ओळख, हे दोन्ही काळात सारखेच आहे.

फसवणुकीपासून सावध

ओटीपी, पिन आणि कार्डामागील तीन आकडे कोणालाही सांगू नयेत. बँकेचा खरा माणूस ते कधीच विचारत नाही. "लिमिट वाढवतो", "पॉइंट आज संपत आहेत", "केवायसी अपुरी आहे" ही सर्व बोलावण्याची सोंगे आहेत. मोबाइलवर आलेले अनोळखी अॅप उघडू नये. पैसे गेलेच, तर प्रथम कार्ड बंद करावे, बँकेला लेखी कळवावे आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करावी. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाने तीन कामाच्या दिवसांच्या आत कळवण्याला मोठे महत्त्व दिले आहे. चूक आपली किंवा बँकेची नसेल आणि या मुदतीत कळवले, तर नुकसान ग्राहकावर पडत नाही. मात्र ओटीपी स्वतः सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान आपल्याच डोक्यावर येते. म्हणून लाजून गप्प बसू नये. गेलेला एक-एक तास किमती असतो.

बिल थकलेच तर काय करावे?

प्रथम कार्डाचा वापर बंद करावा. त्यानंतर बँकेकडे स्वतः जावे. फोन टाळणे हा सर्वांत वाईट उपाय आहे. वसुलीचे एजंट सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू शकत नाहीत, शिवीगाळ किंवा नातेवाइकांना त्रास देऊ शकत नाहीत, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा आदेश आहे. तसे झाले तर तारीख-वेळ लिहून बँकेला तक्रार द्यावी. तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते.

तडजोड करून कमी रकमेत खाते मिटवले, तर 'सेटल्ड' असा शेरा अहवालात राहतो व पुढे कर्ज मिळणे अवघड होते. म्हणून शक्य तेथे पूर्ण फेडावे. घरातील सोने किंवा पडून असलेला माल विकून ४२ टक्क्यांचे कर्ज संपवणे हा तोट्याचा नव्हे, तर फायद्याचा सौदा आहे. आपल्या संस्थांनीही अशा माणसाला हात द्यावा. अडचणीतील कर्जदाराला सवड देण्याची शिकवण आपल्याला आहे, पण ती बँकेच्या करारात लिहिलेली नाही. ती आपणच एकमेकांसाठी अमलात आणली पाहिजे.

कार्ड नको असेल तर सर्व बाकी भरून लेखी अर्ज द्यावा. सात कामाच्या दिवसांत बँकेने ते बंद केले पाहिजे. नाही केले तर दिवसाला ५०० रुपये दंड ग्राहकाला मिळतो. कार्ड कापून कचऱ्यात टाकल्याने खाते बंद होत नाही.

शेवटची विनंती

घरातील माणसांना आपल्या कार्डाची माहिती द्यावी. कोणत्या बँकेचे, किती बाकी, हे वहीच्या एका पानावर लिहिलेले असावे. माणूस गेल्यावर वारसांत वाटणी होण्यापूर्वी त्याचे कर्ज फेडावे लागते, हे आपण सर्व जाणतो. मग ते कर्ज किती आहे हे मुलांना कळणार कसे?

बंधूंनो, आज रात्री दुकान वाढवल्यावर एक काम करावे. तिजोरीतील सर्व कार्डे बाहेर काढावीत, मागची तीन बिले पुढे घ्यावीत आणि व्याज, दंड व शुल्क यांची वेगळी बेरीज करावी. ती बेरीज शून्य असेल तर अल्लाहचे आभार मानावेत. शून्य नसेल, तर उद्यापासून पहिली कमाई तिकडे लावावी. धंद्यात बरकत येते ती हिशेब साफ असलेल्या घरात. अल्लाह आपल्या सर्वांना हलाल कमाईची आणि वेळेवर देणे फेडण्याची तौफिक देवो. आमीन.